पुस्तकं सुरक्षित राहिली पाहिजेत

मुलांना वाचनाची गोडी लावायची म्हणता? मग आधी एक दणकट कुलूप घ्या. आपल्या सोलापुरात नव्या पेठेत मिळेल.

कपाट लोखंडीच हवं. काचेच्या कपाटातून मुखपृष्ठं दिसतात आणि पोरांना उगाच हात लावावासा वाटतो. पुस्तकं उभी, घट्ट कोंबा. सोळा पानी, पिना मारलेल्या पुस्तकाला नाव छापण्याइतका कणाच नसतो, त्यामुळे आत काय आहे ते गुरुजींनाही कळणार नाही. किल्ली मुख्याध्यापकांकडे. मुख्याध्यापक मीटिंगला.

कपाट उघडायचं १५ ऑक्टोबरला. कलामसाहेबांची जयंती, २०१५ पासून आपला वाचन प्रेरणा दिन. टेबलावर सोलापुरी चादर, पाहुण्यांना टॉवेल-टोपी, मग ‘मोबाईल सोडा, पुस्तक धरा’ यावर पाऊण तास भाषण. मुलं उन्हात, मैदानावर, ओळीत. प्रत्येकाच्या हातात येईल ते पुस्तक: पहिलीतल्या पोरीला आठवीचं, आठवीतल्याला ससा-कासव. फोटो. फोटो ग्रुपवर. पुस्तकं मोजून परत कपाटात. यंदाच्या अशाच एका फोटोत पुढच्या रांगेतल्या पोराने पुस्तक उलटं धरलंय. वाचायला दिलंच नव्हतं, तर सुलटं तरी कशाला धरायचं!

पुस्तक मुलाला निवडू देऊ नका. एका पानावर पाच शब्द अडले तर पुस्तक जड आहे, असा बोटांवर मोजायचा साधा ठोकताळा आहे; तो विसरा. पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या पोराला बारीक टाईपातल्या, जोडाक्षरांनी खच्चून भरलेल्या बोधकथा द्या. चित्र बघून तो तेलुगूत गोष्ट सांगायला लागला तर दटावा. ते काय वाचन असतंय होय?

गोष्ट संपली रे संपली की तात्पर्य विचारा.

तेच पुस्तक तिसऱ्यांदा मागितलं तर हिसकावून घ्या.

पालकांनी घरी ‘वाचत बस’ म्हणावं आणि स्वतः रील्स बघाव्यात. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याला पैसे काढावेत, ‘किशोर’ची वर्गणी मात्र परवडत नाही म्हणावं. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात, हे पोरांना कळू देऊ नका.

आणि पान फाटलं तर दंड. सगळ्या वर्गासमोर. म्हणजे ते पोर पुन्हा पुस्तकाच्या वाटेला जाणार नाही, आणि त्याच्या शेजारचंही नाही. फाटलेलं पान मैद्याची खळ आणि पातळ कागदाची पट्टी लावून, रात्रभर वजनाखाली ठेवलं की नीट होतं. चिकटपट्टी पिवळी पडून सुटते, खळ टिकते. दहा मिनिटांचं काम. पण दहा मिनिटं कुणाला आहेत? ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून ग्रंथालयासाठी शाळेला वर्षाला पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत अनुदान धरलेलं आहे. ते कशासाठी, कपाटात वाळवी पोसायला? पुस्तक हाताळलं की मळतं, कोपरे दुमडतात, पानं सुटतात. पाच वर्षांनी कोरं करकरीत राहिलेलं पुस्तक म्हणजे कुणीही न वाचलेलं पुस्तक. ऑडिटला ते दाखवताना लाज वाटत नाही?

अहो, भिंतीला दोन खिळे मारा, पोरांच्या खांद्याएवढ्या उंचीवर दोरी बांधा आणि पुस्तकं मधोमध उघडून, मुखपृष्ठ बाहेर ठेवून लटकवा. मागांच्या गावात सुताचा तोटा आहे का? रोज वीस मिनिटं सगळ्यांनी गप्प वाचायचं, गुरुजींनीसुद्धा, आणि हजेरीपत्रक नव्हे, पुस्तक. घरी न्यायला द्या. नाव, पुस्तक, तारीख. वही पोरांनाच लिहू द्या. महिन्याला दोन-चार हरवतील. हरवू देत!

आणि तो फोटो आधी काढून टाका. अठ्ठावीस अंगठे आलेत त्याच्याखाली. पुस्तक उलटं आहे हे एकालाही दिसलं नाही?