वाघोलीच्या निळ्या दगडाचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

"जगात फक्त पुण्याजवळच्या वाघोलीत सापडणारा निळा दगड, तांब्यामुळे निळा, हिऱ्याइतका मौल्यवान, त्याचं पाणी प्यायलं की आजार जातात, आणि हा आपला ठेवा खाजगी संग्राहकांनी लुटला." असा मेसेज फोटोसकट फिरतोय. फोटो त्या दगडाचा, म्हणजे कॅव्हनसाइट नावाच्या खनिजाचाच आहे, खालचा मजकूर मात्र बराचसा चुकीचा आहे.

"फक्त वाघोलीत" हे खरं नाही. हे खनिज पहिल्यांदा सापडलं १९६७ साली अमेरिकेत, ओरेगॉन राज्यात, आणि नवीन खनिज म्हणून त्याची शास्त्रीय माहिती १९७३ ला छापून आली. पण स्टिल्बाइट नावाच्या पांढऱ्या खनिजावर बसलेले ते गडद निळे गोळे वाघोलीसारखे दुसरीकडे कुठे निघालेले नाहीत, जगभरच्या संग्रहांमधले उत्तम नमुने इथलेच आहेत, मग अभिमानासाठी खोटं कशाला सांगायचं?

तांब्याचा तर संबंधच नाही. निळा रंग व्हॅनेडियम या धातूचा आहे.

हिऱ्याशी तुलनाही चुकीची. याचा कठीणपणा खनिजांच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर (मोह्स स्केल) ३ ते ४, म्हणजे चाकूने ओरखडा जातो. अंगठीत बसवला तर साध्या धुळीनेही खराब होईल कारण धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे, कण असतात आणि क्वार्ट्झ ७ वर आहे. कॅव्हनसाइटला किंमत येते ती अख्ख्या नमुन्याची, गोळा तुटलेला नाही ना, खालचा दगड शाबूत आहे ना, रंग कसा आहे, यावर. त्यामुळे घरातला एखादा चुरा बघून लगेच कोटींची स्वप्नं पाहू नका.

पाणी पिण्याबद्दल स्पष्ट सांगते, कृपया करू नका. औषध म्हणून याला काहीही आधार नाही, व्हॅनेडियम जास्त झालं तर विषारी असतं, आणि विकत घेतलेल्या नमुन्याला कधीकधी गोंदही लावलेला असतो तो वेगळाच.

आता "लुटला" हा आरोप, ज्याचा मला सगळ्यात राग येतो. वाघोलीच्या खाणी खनिजांसाठी खोदलेल्याच नाहीत, त्या बांधकामाच्या खडीसाठी आहेत. सुरुंग लावायचा, दगड फोडायचा, क्रशरमधे टाकायचा. पोकळीतला निळा गोळा कामगाराच्या नजरेला पडला आणि त्याने तो बाजूला काढला तरच वाचतो, आणि तो बाजूला काढतो कारण घेणारा कोणीतरी असतो. घेणारा नसता तर हे सगळं कुठल्यातरी रस्त्याखाली गेलं असतं. सिन्नरचं गारगोटी म्युझियम बघा, ते खाजगी संग्रहातूनच उभं राहिलंय आणि कोणालाही तिकीट काढून बघता येतं. कामगाराला मिळणारा वाटा फार कमी असतो ही तक्रार मात्र रास्त आहे, तिच्यावर जरूर बोला.

आणि तुमच्याकडे एखादा नमुना असेल तर तो कुठल्या खाणीतला, कधी मिळाला हे चिठ्ठीवर लिहून त्याच्यासोबतच ठेवा, कारण ही माहिती हरवली की अभ्यासकाच्या दृष्टीने त्याची निम्मी किंमत गेली.