पहिला आयएमएफ फेकला म्हणजे नॉइज गेला?

गोव्यातल्या भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय. सारांश असा: सिस्मिक डेटातला (जमिनीखालच्या थरांवरून परतलेल्या ध्वनिलहरींच्या नोंदींतला) रँडम नॉइज, म्हणजे क्रम नसलेला गोंगाट, घालवायला ईएमडी (नोंद कमी-जास्त वेगाने हलणाऱ्या घटकांत फोडणारी पद्धत) लावा, पहिला आयएमएफ (तसा निघालेला घटक) फेका, उरलेले जोडा. काही ठरवावं लागत नाही, स्टॅकिंगची (एकाच जागेच्या अनेक नोंदी एकत्र करण्याची) गरज उरत नाही, सिग्नल-नॉइज गुणोत्तर दुप्पट. प्रोजेक्टची तारीख तोंडावर आलेल्याला हे गोड लागणारच.

'पहिला आयएमएफ म्हणजे नॉइज.' नॉर्डन हुआंग आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेली ईएमडी ट्रेसच्या (एका ग्राहकाच्या नोंदीच्या रेषेच्या) शिखरांवरून एक आणि दऱ्यांवरून एक वक्र काढते, दोहोंची सरासरी वजा करते आणि हेच पुन्हा पुन्हा करत सर्वांत झपाट्याने हलणारा घटक आधी बाजूला काढते. तो घटक नॉइज आहे की सिग्नल, हे तिला कळत नाही. नुसता व्हाइट नॉइज दिला तर ती त्याचेही निम्म्या-निम्म्या पट्ट्यांत तुकडे करते. २ मिलिसेकंद सॅम्पलिंगला (दर २ मिलिसेकंदांनी एक मोजणी) फ्रीक्वेन्सीची वरची हद्द २५० हर्ट्झ. ढोबळमानाने पहिला आयएमएफ १२५ च्या वरचा, दुसरा ६० ते १२५, तिसरा ३० ते ६०, चौथा १५ ते ३०. तेलशोधातली खोल परावर्तनं बहुतेक १० ते ६० हर्ट्झमध्ये येतात. म्हणजे त्रास देणारा नॉइज तिसऱ्या-चौथ्यात, सिग्नलच्या मांडीला मांडी लावून बसलेला. पहिला फेकून त्याला धक्काही लागत नाही. तेवढ्यासाठी वरच्या फ्रीक्वेन्सी कापणारा साधा हाय-कट फिल्टर पुरला असता.

शिवाय आपल्या समुद्रावरचं पाहा. खवळलेल्या पाण्यात स्ट्रीमरवर (बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या ध्वनिग्राहकांच्या केबलवर) येणारा स्वेल नॉइज, म्हणजे लाटांचा गोंगाट, दहा-पंधरा हर्ट्झच्या खालचा, तो शेवटच्या आयएमएफांत जातो. मुरगावला ये-जा करणाऱ्या जहाजांच्या पंख्यांचा आवाज ट्रेसमागून ट्रेस सुसंगत येतो, तो रँडम नव्हेच. उलट गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या उथळ गाळातला वायू बघायला स्पार्कर (पाण्यात ठिणगी पाडून ध्वनी काढणारं यंत्र) लावला, तर कामाचा सिग्नलच शेकडो हर्ट्झचा. पातळ थर पहिल्याच आयएमएफमध्ये. फेका आता!

समजाला मूळ आहे, ते नाकारत नाही. बेकारा आणि व्हान डर बान या संशोधकांनी २००९ मध्ये पहिला आयएमएफ काढूनच नॉइज कमी केला होता. पण वेळेच्या दिशेने नव्हे, तर एकेक फ्रीक्वेन्सी घेऊन ट्रेसमागून ट्रेस, आडवं. त्या दिशेने सपाट थर संथ बदलतात आणि रँडम नॉइज उड्या मारतो, म्हणून ते जमतं. तीव्र उताराचे थर तिथेही मार खातात. एवढा तपशील फॉरवर्ड होता होता गळाला.

'काही ठरवावं लागत नाही.' वजाबाकी कधी थांबवायची? ट्रेसच्या टोकांना वक्र भरकटतो, त्याचं काय? घटक एकमेकांत मिसळतात म्हणून ईईएमडी ही सुधारित आवृत्ती आली. तिच्यात मुद्दाम किती नॉइज घालायचा आणि किती वेळा, हे कोण ठरवतं? २०१४ ची व्हीएमडी ही तशीच दुसरी पद्धत तर घटक किती हवेत तेच आधी विचारते. तीनऐवजी आठ सांगा, सेक्शन (ट्रेस शेजारी मांडून बनलेलं थरांचं चित्र) बदलतो.

'स्टॅकिंगची गरज नाही.' ४८ फोल्डला (एका जागेच्या ४८ नोंदी जोडल्यावर) रँडम नॉइजच्या तुलनेत सिग्नल ४८ च्या वर्गमुळाइतका, सुमारे सात पट, वर येतो. वर मल्टिपलही (थरांमध्ये पुन्हा पुन्हा आपटून आलेले खोटे प्रतिध्वनी) दबतात. ईएमडी मल्टिपलला हात लावत नाही.

'गुणोत्तर दुप्पट.' कशाच्या तुलनेत? कृत्रिम डेटात मूळ सिग्नल आपणच बनवलेला असतो, म्हणून मोजता येतं. खऱ्या सर्व्हेत तो आधीच माहीत असता तर बोट कशाला सोडली असती? आणि नुसतं गुळगुळीत केलं तरी हा आकडा बऱ्याचदा वाढतो. त्यापेक्षा मूळ सेक्शनमधून साफ केलेला वजा करा आणि फरक त्याच गेनवर (तेवढाच मोठा करून) लावा. त्यात नुसती दाणेदार पूड दिसली तर ठीक. थरांच्या रेषा किंवा फॉल्टच्या कडा दिसल्या तर सिग्नलच खरवडला गेलाय. संदेशासोबतच्या चित्रात 'आधी' आणि 'नंतर' असे दोनच सेक्शन आहेत. फरकाचा कुणी जोडलेला नाही.