त्याच नावाचा अपक्ष येतो कुठून?

संताप येतो, अक्षरशः संताप! निवडणूक आली की सभा, रोड शो, जाहीरनामे यांवर रात्र रात्र चर्चा झडतात. पण प्रचारातली सगळ्यांत हलकट खेळी ‘हे चालायचंच’ म्हणून सोडून देतात. समोरच्याच्या नावाचा नाहीतर त्याच्यासारखंच चिन्ह मिळालेला अपक्ष रिंगणात आणायचा आणि लोक कधी चुकतात याची वाट बघायची.

२०१४ ला रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी पडले. त्याच यंत्रावर दुसरे एक सुनील तटकरे होते, अपक्ष. त्यांना नऊ हजारांवर मतं! २०२४ ला साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि ‘तुतारी’वाल्या अपक्षाला पडली ३७ हजारांवर. शिंदेंचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. दिंडोरीत तर कहरच झाला. तिथे शिंदेंच्याच पक्षाचे भास्कर भगरे उभे होते. समोरच्या अपक्षाचं आडनाव तेच, भगरे, वर चिन्हही तुतारी. त्या अपक्षाने लाखावर मतं घेतली. भास्कर भगरे तरीही निवडून आले म्हणून विषय तिथेच मिटला. का मिटावा?

सगळी मतं चुकूनच पडली असं मी म्हणत नाही. पण शिंदे-भगरेंचा, म्हणजे शरद पवारांचा पक्ष फुटलेला, घड्याळ हे जुनं चिन्ह गेलेलं, नवं चिन्ह फेब्रुवारीत हातात आलेलं आणि मतदान मे महिन्यात. तेवढ्या दिवसांत गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना ‘तुतारी, तुतारी’ एवढंच पाठ झालं होतं. यंत्रावर मात्र माणूस वेगळा आणि नुसती तुतारी वेगळी. आमची आत्या मत देऊन आली आणि म्हणाली, “दाबली बाई तुतारी.” माणूस होता का गं चित्रात, असं विचारलं तर गप्पच झाली. भर उन्हात रांगेत उभी राहिलेली बाई! तिच्या मताची अशी माती झाली आणि याला लोक ‘रणनीती’ म्हणतात. अरे, कसली रणनीती? फसवणूक आहे ही, मतदाराची सरळ सरळ फसवणूक. आणि एकच पक्ष करतो असंही नाही, ज्याला जमेल तो करतो.

मे २०२४ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आईवडिलांनी तेच नाव ठेवलं असेल तर त्याला निवडणूक लढवण्यापासून कसं रोखायचं, असं म्हणून न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. मान्य, नावावरून कुणाला अडवू नका. खऱ्या अपक्षाचा हक्क मलाही हवाच आहे. यंत्रावर उमेदवारांचे फोटोही असतात, पण ज्याला चिन्ह बघूनच मत द्यायची सवय आहे त्याला त्या एवढ्याशा फोटोचा काय उपयोग?

अडवू नका, पण चौकशी तरी करा! लोकसभेला २५ हजार अनामत लागते, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. अपक्षाला दहा सूचक, म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारे मतदार, लागतात. ज्याची एक सभा नाही, एक पत्रक नाही, त्याची अनामत कुणी भरली? ते दहा सूचक कुणाचे कार्यकर्ते? अर्ज भरायला तो कुणाच्या गाडीतून आला? खर्चाचा हिशोब तर प्रत्येक उमेदवाराला द्यावाच लागतो. मग निकाल लागल्यावर याच लोकांचे हिशोब आधी उघडा आणि पैसा ज्याच्या खिशातून निघाला त्याचं नाव जाहीर करा.