बँकेत शिरताना चपला काढाव्यात का

फॅमिली ग्रुपवर परत तोच वाद सुरू झालाय, मुंबईच्या फोर्टातल्या जुन्या दगडी बिल्डिंगांचा. दादा म्हणतो गुलामगिरीच्या खुणा आहेत, पाडा आणि टॉवर बांधा. वहिनीचं म्हणणं, बघा फॉरेनला कसं जपतात, आणि मग साक्षीला मला टॅग.

मेलबर्नला आलो तेव्हा अकाउंट उघडायला कॉलिन्स स्ट्रीट आणि क्वीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या एएनझेड बँकेत गेलो होतो. आत पाऊल टाकलं आणि खरं सांगतो, चपला काढाव्यात की काय असं वाटलं. बाहेर व्हेनिसच्या राजवाड्यासारख्या टोकदार कमानी, आत लोखंडी खांब, छतावर सोन्याचा वर्ख, आणि खाली आपण केवायसीचे कागद घेऊन उभे. देऊळ वाटणं साहजिकच म्हणा, कारण आर्किटेक्ट विल्यम वॉर्डेल हा मूळचा चर्चवाला, इथलं सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल त्याचंच. १८८३ ते १८८७ मध्ये त्याने हे बांधलं, तेव्हाच्या इंग्लिश, स्कॉटिश अँड ऑस्ट्रेलियन बँकेसाठी, आणि बँकेचे मोठे साहेब सर जॉर्ज व्हर्डन चक्क वरच्या मजल्यावर राहायचे. एवढा थाट कशाला, तर गिऱ्हाईकाला वाटावं की पैसा इथे सेफ आहे. आणि १८९३ च्या मंदीत हीच बँक पैसे देणं थांबवून दार लावून बसली!

तर वहिनी, फॉरेनवाले काही संत नाहीत. याच कॉलिन्स स्ट्रीटवर फेडरल कॉफी पॅलेस नावाचं १८८८ चं अवाढव्य हॉटेल होतं, ते सत्तरच्या दशकात सरळ पाडलं. बँक वाचली कारण ती बँकच राहिली, लोक आत-बाहेर करत राहिले, आणि टॉवर हवा होता तो मागे उभा केला.

आणि दादा, खुणांचंच म्हणशील तर इथेही आहेत की, ही सगळी जमीन मूळ वुरुंजेरी लोकांची, त्यांना कोणी विचारलं होतं? व्हीटीचा, म्हणजे आताच्या सीएसएमटी स्टेशनचा, आर्किटेक्ट इंग्रज स्टीव्हन्स, मान्य, पण तिथलं कोरीवकाम करायला जेजे आर्ट स्कूलची पोरं होती, ते कुणाच्या खात्यात टाकायचं? युनेस्कोने व्हीटी आणि मेलबर्नची एक्झिबिशन बिल्डिंग दोन्ही एकाच वर्षी यादीत घेतल्या, २००४ ला. व्हीटी टिकली कारण तिथून रोज लाखो लोक गाडी पकडतात. फोर्टातल्या जुन्या वॉटसन हॉटेलची बाल्कनी २०१८ ला कोसळली ती काय इंग्रजांच्या रागाने? भाडं आजोबांच्या काळातलं, रिपेअरला मालक हात वर करणार, भाडेकरू म्हणणार मी का घालू पैसे. भांडायचं तर त्यावर भांडा ना.

दादाने वीस वर्षं व्हीटीवरून लोकल पकडली. विचारलं, तिकीट खिडकीच्या वरचं छत कधी मान वर करून बघितलंस का?

म्हणे, सहा बेचाळीसची फास्ट चुकली असती.