मशीन थांबलं की तोटा? त्या मेसेजबद्दल थोडं

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छेकडच्या वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "मशीन एक मिनिट थांबलं तरी तोटा. प्रत्येक मशीनचा ओईई 85 टक्क्यांवर न्या, कामगारामागे रोजचे नग फळ्यावर लिहा, रिजेक्शन दोन टक्क्यांखाली ठेवा. हेच लीन." (लीन म्हणजे अपव्यय काढून टाकायची, टोयोटाकडून आलेली पद्धत.) मला तिघांनी पाठवला, त्यातल्या दोघांच्या शॉपमध्ये पाय ठेवायला जागा नाही.

आधी 85. मशीन किती वेळ चालू होतं, ठरल्या वेगानं चाललं का आणि चांगला माल किती निघाला, या तिघांचा गुणाकार म्हणजे ओईई. टीपीएम ही मशीन देखभालीची जपानी पद्धत मांडणारे नाकाजिमा यांनी 90, 95 आणि 99 टक्के अशी उद्दिष्टं धरली, त्यातून हे 85 आलं. आता आपलं जॉबवर्क बघा. 480 मिनिटांची शिफ्ट, सेटिंगला, म्हणजे पुढच्या जॉबसाठी मशीन लावायला, 40 मिनिटं. दिवसात तीन सेटिंग केल्या तर 120 मिनिटं गेली, उपलब्धता 75 टक्के. एकच केली तर जवळपास 92. म्हणजे आकडा वाढवायचा सोपा रस्ता कुठला? एकच लॉट दाबून चालवायचा, गिऱ्हाईकानं मागितलेला असो वा नसो. गरजेपेक्षा जास्त माल काढणं हा तर टोयोटाच्या ताइची ओनोंच्या मते सगळ्यात वाईट अपव्यय!

मी हे भोगलंय. आधीच्या एका कंपनीत हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या 400 बॉडी एकाच सेटिंगमध्ये काढायचं ठरलं. पुढं होनिंगला, म्हणजे भोक आतून घासून गुळगुळीत करायला, दिवसाला 120 व्हायच्या. मालाचे बिन दारापर्यंत आले. एक जुने ऑपरेटर म्हणाले, "साहेब, मशीन पळायलंय खरं, माल कुठं जायलाय?" तिसऱ्या दिवशी पुढच्या टेबलावर तपासायचं गेज बसेना. जॉब धरायच्या फिक्स्चरमध्ये धातूची चिप अडकून आडवं भोक सरकलं होतं, आणि तोवर 260 बॉडी तशाच निघाल्या होत्या. गंमत म्हणजे फळ्यावर त्या आठवड्याचा ओईई झकास होता, कारण चूक कळायच्या आधीच माल 'चांगला' म्हणून मोजून झाला होता. लॉट 50 चा असता तर नुकसानही 50 च्या आत राहिलं असतं.

कामगारामागे नग? होनिंगपुढं ढीग असताना त्याआधीच्या सीएनसी (संगणकानं चालणाऱ्या) मशीनवाल्यानं वीस नग जास्त काढले तर डिस्पॅच एकानंही वाढत नाही. फळ्यावर नाव मात्र चढतं.

दोन टक्के रिजेक्शनमध्ये मेख आहे. 100 जॉब लावले, 88 पहिल्या फटक्यात पास, 10 रिवर्क करून पास, दोन भंगारात. फळा दोन टक्के दाखवतो. त्या दहांना परत घासायला, परत तपासायला गेलेला वेळ कुठंच लिहिला जात नाही. पहिल्या फटक्यात पास किती, ते लिहा.

मेसेजात नसलेलं एक माप मला सगळ्यात कामाचं वाटतं: कास्टिंग आत आल्यापासून डिस्पॅचपर्यंतचे दिवस. शॉपमध्ये 1200 नग पडून असतील आणि रोज 200 बाहेर जात असतील, तर सरासरी सहा दिवस. प्रत्यक्ष मशीनवरचं काम 22 मिनिटांचं असलं तरी!

आमच्याकडं आता होनिंगपुढं जमिनीवर पिवळा चौकोन आखलाय, चार बिनचा. तो भरला की सीएनसी थांबतं आणि ऑपरेटर पुढच्या लॉटची टूल्स लावून ठेवतो. सेटिंग 40 वरून 18 मिनिटांवर आली ती या रिकाम्या वेळातच.