‘दोन दिवस सांगून नऊ दिवस ठेवलं’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. वडिलांच्या अपेंडिक्सला ‘दोन दिवसांत घरी’ सांगितलं, ते फुटलेलं निघालं म्हणून नऊ दिवस ठेवलं, टाक्यांतून पू आला, बिल वाढलं आणि डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसवलं, असं तुम्ही लिहिलंय. पेशंटची फाइल चारचौघांत उघडता येत नाही, म्हणून तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यापुरतंच बोलतो.

साधं अपेंडिक्स दुर्बिणीतून काढलं तर पेशंट एक-दोन दिवसांत घरी जातो. ते फुटून पोटात पू पसरला असेल तर हा हिशेब तिथेच मोडतो. आतडी सुस्त पडतात. मग नाकात नळी, तोंडाने काही नाही, सलाईनमधून अँटिबायोटिक. राउंडला मी पोटावर स्टेथोस्कोप ठेवून रोज एकच विचारतो, “गॅस सरला का, काका?” पेशंट वैतागून चहा मागतात. हसू येईल, पण गॅस सरणं म्हणजे आतडी पुन्हा चालू झाल्याची खूण, म्हणून सर्जन त्या ‘हो’ची जेवढी वाट बघतो तेवढी घरचेही बघत नसतील. त्याआधी चहा दिला आणि उलटी छातीत गेली, तर निमोनिया. यात पाच-सात दिवस सहज जातात.

टाक्यांतल्या पूबद्दल. फुटलेल्या अपेंडिक्सचा पू बाहेर काढताना जखमेला लागतोच, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप येऊन जखम लाल होणं ही ओळखीची गुंतागुंत आहे. अशा वेळी एक-दोन टाके मोकळे करून पू वाहू द्यायचा आणि रोज ड्रेसिंग करायचं. ‘टाके उसवले’ असं तुम्ही म्हणता, पण असे टाके मुद्दाम काढले जातात. बिलासाठी ठेवून घेतलं, हे मला मान्य नाही.

चुकलो ते सांगण्यात. रात्री साडेअकराला ऑपरेशन थिएटरच्या दारात ‘मामांना घाईत काहीतरी सांगितलं’, असं तुम्ही म्हणता. सांगणारा मीच होतो. तुम्हाला बसवून ‘आता आठवडा धरा’ असं कोणी म्हटलं नाही, आणि काउंटरवरचा दोन दिवसांच्या खर्चाचा अंदाजही कोणी बदलला नाही. सकाळी तो नवा करून तुमची सही घ्यायला हवी होती.

डिस्चार्जचंही तसंच. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे विमा कंपनीने कॅशलेसची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. पण ते तास आमची विनंती पोचल्यावर सुरू होतात, आणि मी दहाला सोडायला सांगूनही आमच्या बिलिंगमधून कागद दुपारी गेले. त्या दिवसाचं खोलीभाडं तुमच्याकडून घ्यायला नको होतं. ते परत मिळेल, काउंटरला कळवलंय.

संध्याकाळी पाच ते सातमध्ये या, बिलाची ओळन् ओळ मी स्वतः समजावतो. वडिलांनाही आणा, जखम बघतो. मधे ताप आला, पोट फुगलं किंवा उलट्या झाल्या, तर वेळ न बघता थेट घेऊन या.