चर्चच्या खोलीत आमचा माणूस कशाला? डिचोलीच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संस्थेच्या, दारू सोडू पाहणारे एकत्र बसून बोलतात त्या मीटिंगांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही बरेच खडसावलेत. तुमचं म्हणणं असं: दारू निग्रहानं सुटते, मीटिंगांनी नव्हे, त्या भरतात चर्चच्या आवारात, तिथं आमच्या माणसांचं काय काम, आणि गोवा एवढासा, तुमच्या पिणाऱ्या भाच्याला तिथं कुणी पाहिलं तर घरची अब्रू जाईल. मी शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण खरं घोडं तिथंच अडलंय असं मला वाटतं.

भाचा रात्री बारमधून कसा घरी येतो हे वाड्यावर कुणाला ठाऊक नाही? तो पितो हे झाकलेलं नाहीच. आपण झाकायला बघतोय ते तो सोडू पाहतोय हे! तरी ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, दारू सोडू पाहणाऱ्या माझ्या भावालाही ती होती. म्हणून फोंड्यात राहून आम्ही मडगावची मीटिंग धरली. तुम्ही म्हापसा किंवा पणजी बघा. ओळखीचं कुणी भेटलंच, तर तोही बहुधा त्याच कामाला आलेला असेल.

भाऊ पहिल्या दिवशी दाराजवळच्या खुर्चीत बसला, हेल्मेट मांडीवर घेऊन, म्हणजे कधीही उठून पळता यावं. नाव विचारलं, आडनाव नाही. बोलायची पाळी आली तेव्हा त्यानं नुसती मान हलवली आणि शेजारच्यानं सुरुवात केली. कुणी आग्रह केला नाही. रजिस्टर नाही, फॉर्म नाही, फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, तीत सभासद आपापल्या ऐपतीनं काहीतरी टाकतात. जागेचं भाडं आणि चहापाणी त्यातूनच. बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. मीटिंग ‘ओपन’ होती म्हणून मला बसता आलं. ‘क्लोज्ड’ला फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे तो. तिथं कोण काय बोललं ते इथं लिहिणार नाही, आणि भावाबद्दलचं हे एवढंही त्याला विचारूनच लिहितेय.

आता चर्च. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस 1935 साली अमेरिकेत ॲक्रन शहरात सुरू झाली. एक शेअर बाजारातला माणूस, एक सर्जन, दोघेही दारूत बुडालेले. कुठल्याही धर्माशी ती बांधलेली नाही आणि सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. आपल्याकडे बऱ्याच मीटिंगा चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत भरतात, कारण तिथं जागा मिळते. उद्या एखाद्या देवस्थान समितीनं अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, खोली दिली तर तिथंही भरतील, त्यासाठी कुणी समितीकडे शब्द टाकायला हवा. (तुमची ओळख आहे म्हणता, तर टाका की!) दारू सोडण्याच्या त्यांच्या बारा पायऱ्यांत देवाचं नाव येतं हे खरं, पण देव ज्याच्या त्याच्या समजुतीतला. भाऊ मनात शांतादुर्गेला धरतो. देवच न मानणाऱ्याला हे खटकतं, आणि त्याची ती तक्रार मला रास्त वाटते.

निग्रहाबद्दल मात्र जरा कडक बोलते. देवळात नारळ ठेवून एका दमात सोडलेले तुमचे मित्र असतील, त्यांचं कौतुकच आहे. पण रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक बंद केली तर पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, अंग थरथरतं, नसलेली माणसं नि किडे दिसू लागतात. आपल्याकडे अशा वेळी घाड्याला, म्हणजे भूतबाधा उतरवणाऱ्याला, बोलावतात. ती बाधा नसते. 108 ला फोन करून इस्पितळात न्यायचं असतं, नाहीतर जीव जाऊ शकतो. मीटिंग हाही त्यावरचा इलाज नव्हे. म्हणून भाचा सकाळी उठल्याउठल्या पीत असेल, तर आधी डॉक्टर, म्हणजे बांबोळीची मानसोपचार संस्था, मग मीटिंग.

मीटिंगांचा उपयोग किती, हेही तपासलं गेलंय. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात 27 अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं होती. लोकांना या गटांशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर नावाजलेल्या उपचारांपेक्षा सरस ठरले. आणि भाचा व्यसनाच्या टोकाला गेला नसेल तर त्याहून साधी वाट आहे, तीही आपल्याच गोव्यात तपासलेली. ‘संगाथ’ संस्थेनं इथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांना घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या भेटींत बोलायला लावलं. 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निकालानुसार तीन महिन्यांनी त्यांतले 36 टक्के घातक पिण्यातून बाहेर होते; नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 26 टक्के. पाहिलंत ना, दोन्हीकडे समोर बोलायला माणूस आहे.

तेव्हा आधी फोन करा. व्यसनमुक्तीसाठी 14446, मनःस्वास्थ्यासाठी टेलि-मानस 14416, दोन्ही फुकट. मीटिंगचं ठिकाण नि वेळ इंटरनेटवर दिसली तरी निघण्याआधी खात्री करा, जागा बदलतात. भाषाही विचारा: कोकणी, इंग्रजी की मराठी. ऑनलाइन मीटिंगाही असतात, तिथं कॅमेरा बंद ठेवून ऐकता येईल का तेही विचारून घ्या. आणि तो नाहीच म्हणाला, तर तुमच्या बहिणीला अल-ॲनॉनच्या मीटिंगला न्या. ती पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असते, तिला भाच्याची परवानगी लागत नाही.